आपटेकाकांचं पाताळ

आपटेकाका साधं बोलता बोलता मध्येच पद्यात शिरायचे, आणि ते पद्य हमखास कुणाची तरी लाज काढायचं. अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावच्या मराठी मंडळाच्या प्रेसिडेंटनं नवं घर दाखवायला सगळ्यांना बोलावलं. काका म्हणाले, "वा, छान! किचनही मोठं आहे," आणि तिथेच सूर लावला:

"पाच बेडरूमचं घर, तीन गाड्यांचं गराज,
आई आली राहायला, तर भांडी घासते आज!"

प्रेसिडेंटची आई खरंच सिंकपाशी उभी होती. प्रेसिडेंटच्या बायकोनं समोसे आत नेले ते नेलेच.

"ही ग्रीकांची रीत आहे, ताई," काका मला सांगायचे. "गद्य, मध्येच पद्य, आणि पाताळात उतरून बड्या मेलेल्यांची हजेरी घ्यायची. दोन हजार वर्षांपूर्वीची. रोमनांनी उचलली, मग अख्ख्या युरोपानं. फक्त तुमच्या कमिटीला झेपत नाही."

डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा काकांची नोकरी गेली, ती परत मिळाली नाही. मग सुमनकाकूही गेल्या. दिवाळीच्या कार्यक्रमातली दहा मिनिटं तेवढी काकांची. दरवर्षी एकटेच पाताळात उतरत आणि आमच्यातल्या जिवंत लोकांना मेलेले करून तासत. एखाद्या राजालाही वैतरणीच्या काठी ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं करत. लोक हसायचे आणि घरी जाऊन रुसायचे.

त्या वर्षी कमिटीनं काकांचा आयटम कॅन्सल केला. सांगायला कोण? सेक्रेटरी, म्हणजे मी. प्रेसिडेंटला तोंड होतं, पण ते फक्त माइकपुढे उघडायचं.

काका तालीमच करत होते. ऐकून खाली बसले.

"काका, पृथ्वीवरचं काहीतरी लिहा ना," मी वैतागून म्हटलं. "दरवर्षी मेलं ते पाताळ कशाला?"

"सुमन तिथं आहे," ते म्हणाले. "वर्षातून एकदा सगळ्यांदेखत विचारतो तिला, जेवलीस का, गुडघा कसा आहे. तुम्हाला विनोद वाटतो. वाटू दे. घरात तिच्याशी बोललो की शेजारी तिकडे चँडलरला राहणाऱ्या माझ्या मुलाला फोन करतात. मग तो डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतो."

मी प्रेसिडेंटशी भांडले. "सॉरी, प्रोग्रॅम छापून झाला," म्हणाला मेला.

काकांच्या दहा मिनिटांत पोरींचा डान्स झाला. प्रेक्षकांत बसलेले काका टाळ्या वाजवून थांबले आणि त्यांचे ओठ हलू लागले. मागच्या रांगेतून दोघी वाकून बघायला लागल्या. मी उठले आणि काकांच्या शेजारी जाऊन बसले, मान डोलावत. लोकांना वाटू दे, माझ्याशीच बोलताहेत.