विरघळलेल्या पिशव्या

कारकूनसाहेबांची बायको ऑफिसांना दुपारचं जेवण पुरवायची. त्यातल्या चाळीस माणसांच्या एका ऑफिसातल्या मॅनेजरबाईंनी एक दिवस कळवलं, "दोन महिन्यांनंतरही सूप प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून आलं, तर जेवण दुसरीकडून मागवू." बायको डोक्याला हात लावून बसली. नेमकं तेव्हाच कारकूनसाहेबांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली.

"अगं, समुद्री शेवाळाच्या पिशव्या करता येतात. फेकल्या की मातीत मिसळून जातात. मी करतो."

"अहो, तुमचा अजून चहा उतू जातो!"

हे फार लागलं. पाणीपट्टीच्या बिलांवर शिक्के मारण्यात वीस वर्षं गेलेला माणूस त्या क्षणी शास्त्रज्ञ झाला.

शेवाळाची पावडर आली, ग्लिसरीन आलं. दोन्ही पाण्यात उकळायचं, गुळगुळीत जागी पातळ पसरायचं, दोन दिवस वाळवायचं आणि सोलून काढायचं. (कागदावर हे फार सोपं दिसतं.) पहिला थर ताटाला असा चिकटला, की ताटच टाकावं लागलं. दुसरा फाटला. तिसऱ्याला बुरशी आली. चौथ्यासाठी त्यांनी बेडरूममधला आरसा उतरवला, त्यावर मिश्रण ओतलं आणि वाळल्यावर तसाच भिंतीला टेकवून ठेवला.

सकाळी सासूबाई केस विंचरायला गेल्या आणि किंचाळल्या, "अगं बाई, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट गेलं! सगळं धुरकट दिसतंय!"

"नाही हो, ते शेवाळ आहे," जावई घाईघाईने म्हणाले.

"डोळ्यांत शेवाळ?" सासूबाई मटकन खालीच बसल्या.

पण साहेब हटले नाहीत. अकराव्या खेपेला थर अलगद सुटला. इस्त्रीने कडा चिकटवून पिशवी झाली, रात्रभर गार पाणी भरून टांगली, तरी थेंबही गळला नाही. (गरम पाणी भरून बघावं, हे कुणालाच सुचलं नाही.) पंधरा दिवसांत चाळीस पिशव्या तयार झाल्या.

ठरल्या दिवशी बायकोने त्यांत वाफाळतं सूप भरलं. निवू नये म्हणून साहेबांनी पिशव्या मोठ्या पातेल्यात रचल्या, झाकण लावलं, वर टॉवेल गुंडाळला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून पातेलं स्वतः पोचवलं. ऑफिसात आधी पर्यावरणावर वीस मिनिटं भाषण केलं. मग ऐटीत झाकण उघडलं.

आत काठोकाठ सूप होतं. पिशवी एकही नव्हती.

"पिशव्या कुठायत?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

साहेबांनी पातेल्यात एकदा डोकावून पाहिलं आणि ठाम आवाजात सांगितलं, "बाई, निसर्गात विरून जाणं म्हणतात ते हेच. आज फक्त जरा लवकर झालं."

चाळीस माणसं आपापले कप घेऊन रांगेत उभी राहिली. साहेब मान खाली घालून घरी आले.

संध्याकाळी मॅनेजरबाईंचा फोन आला. बायको बराच वेळ नुसती हं-हं करत होती. मग हसत वळली, "अहो, काम टिकलं! सूप इतकं दाट कधीच झालं नव्हतं म्हणे. रोज असंच हवंय, फक्त स्टीलच्या डब्यातून."

"बघ! आणि माझ्याबद्दल काही?"

"म्हणाल्या, तो पोचवणारा माणूस तेवढा बदला, फार बोलतो. मी म्हटलं, मलाही पटतंय हो, पण घरचाच आहे, काढता येत नाही."