घरत काही हलवत नाहीत

माझे सहकारी घरत चहात दोन चमचे साखर घालतात आणि ढवळत नाहीत. कपावर बशी झाकतात आणि वाट बघतात. दहा मिनिटांनी वरचा फिका, गार चहा पितात. तळाची साखर मोरीत जाते. मग घालता कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "कवातरी विरघळंल की, मॅडम."

याचं मूळ आमच्या कामात आहे. पनवेलला आमची लहानशी प्रयोगशाळा आहे. खरेदी आणि साठा माझ्याकडे, प्रयोगाचं टेबल घरतांकडे. कंपन्या नवी औषधं पाठवतात. ती माणसाच्या रोगप्रतिकारक पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतात की नाही, एवढंच आम्ही तपासून सांगतो. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन, बाहेरून आलेला निरोप पकडणारं. त्यासाठी माणूस लागत नाही. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून त्यांच्याकडून ते बनवून घेतात, सुकवतात आणि करंगळीएवढ्या कुपीत भरतात. कुपी उघडली तर आत काहीच दिसत नाही. माझ्या आधीच्या साठेवाल्यांनी एक कुपी रिकामी समजून कचऱ्यात टाकली होती.

त्या न दिसणाऱ्या प्रथिनावर थोडं द्रावण सोडायचं आणि कुपी अर्धा तास बर्फात ठेवायची. घाईने हलवली की फेस येतो, प्रथिनाची घडी मोडते आणि मग ते काहीच पकडत नाही. अठरा वर्षांत घरतांच्या हातून एकाही कुपीला फेस आलेला नाही. "हलवायचा नाय. त्याचा त्याला विरघळू द्या," हे ते दिवसातून चार वेळा म्हणतात, समोर कुणी नसलं तरी.

हा नियम टेबलापाशी थांबला असता तर माझी तक्रार नव्हती. एकदा त्यांना खोकला झाला. औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी चांगली हलवा' असं छापलेलं बघून ते ती दुकानात परत करून आले. कुप्यांचं खोकं ते मांडीवर घेऊन आणतात. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर-ट्रक मागून भोंगे वाजवत असताना गाडी वीसच्या वर जाऊ देत नाहीत. वैतागून ड्रायव्हरने विचारलं, "काका, बॉम्ब हाय काय आत?"

"रिसेप्टर हाय."

"मंग?"

"मंग काय. हळू चालव."

कर्नाळ्याच्या सहलीत जेवणानंतर आमचे साहेब झाडाखाली झोपले. त्यांना हलवून उठवायला घरतांनी कुणालाही जाऊ दिलं नाही. आम्ही पंचवीस जण बसमध्ये पाऊण तास घामाघूम होऊन बसलो.

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी सुप्रिया पुण्याहून सासरचं घर सोडून आली. दोन बॅगा, फोन बंद. घरतांची बायको पूर्वीच वारलेली, घरात ही दोघंच. तीन आठवडे झाले तरी पोरगी का आली हे बापाला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं. मला हे सहन होईना. मी अकरा प्रश्न लिहून काढले: मारहाण होती का, दागिने कुणाकडे आहेत, नोकरी चालू आहे का, वकील बघायचा का, असे. आणि रविवारी सकाळी आपटा गावाकडच्या त्यांच्या घरी गेले.

घरतांनी ओटीवरच चष्मा लावून अकराही प्रश्न वाचले, कागदाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली.

"हा सगला मला पन इचारायचा हाय, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "दोनदा ती बोलाया लागली. दोनदा मी मधीच इचारला, त्यानं मारला काय तुला? ती गप झाली. आता परत गप झाली तर जाईल निघून. तिकडंच जाईल."

एवढं बोलून ते आत गेले; मीही मागोमाग.

आत सुप्रिया जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. घरत तिच्यासमोर बसले आणि सोलू लागले. मीही बसले. वीस-पंचवीस मिनिटांत अर्धे वाल सोलून झाले. माझ्या जिभेवर निदान तीन प्रश्न होते; मी ते गिळले. गॅसवर भाताचा कुकर फुसफुसायला लागला होता.

"बाबा," सुप्रिया मान वर न करता म्हणाली, "तो मला घरात कोंडून, कुलूप लावून कामाला जायचा."

शिट्टी होणार तेवढ्यात घरत उठले, गॅस बंद केला आणि पुन्हा तिच्यासमोर येऊन बसले. पुढचा वाल हातात घेतला. सुप्रिया बोलत राहिली. मी आवाज न करता उठले आणि ओटीवरच्या चपला हातात घेऊन बाहेर पडले.

त्या दिवशी त्यांच्याकडे भात कच्चाच राहिला असणार.