खुर्चीतले हरिहर सर

कोपरीच्या हॉलमध्ये चौदा जण वह्या उघडून बसले होते आणि पंधरावी, शेवंती, मिटलेल्या वहीवर हात ठेवून. बहुविकलांग मुलांच्या संगोपनाचं प्रशिक्षण संपत आलं होतं, आज परीक्षा. शहाडच्या एका केंद्रात शेवंती अकरा वर्षं मुलांना भरवत होती. आता तिथे फर्मान निघालं होतं : प्रमाणपत्र आणा, नाहीतर एक तारखेपासून फक्त लादी पुसा. आणि तिथला छोटा राजरत्न तिच्याखेरीज कुणाच्या हातचा घास घेत नव्हता.

परीक्षेसाठी प्रशिक्षण देणारे हरिहर सर स्वतःच मूल झाले. आधाराच्या मोठ्या खुर्चीत बसले, छातीला आणि कमरेला पट्टे आवळून घेतले. बक्कल पाठीमागे, मुलाचा हात पोहोचू नये असं.

"आता मी जेवायला बसलेलं मूल. अर्धा तास निरीक्षण करा, लिहा. मूल रडेल, ओरडेल, दहा बहाणे करेल. वेळेआधी पट्टा सोडणारा नापास!"

सकाळपासून सरांच्या पोटात तीन चहा, दोन ग्लास ताक आणि एक शहाळं गेलं होतं. दहाव्या मिनिटाला ते सगळं एकदम जागं झालं.

"अहो, जरा सोडा. मला लघवीला जायचंय."

"काय नॅचरल करतात ना सर!" एम.ए. झालेली संचिता शेजारच्या विनीतला म्हणाली.

"संचिता, मी खरंच सांगतोय!"

"लिही रे विनीत. मूल नावाने हाक मारतं."

"परीक्षा रद्द!" सर ओरडले.

"बहाणा नंबर तीन," विनीत लिहिता लिहिता म्हणाला.

सरांचा चेहरा लालबुंद झाला, गुडघ्यावर गुडघा चढला. चौदा पेनं धावू लागली. संचिताने ‘राग तीव्र’ याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

शेवंती उठली.

"ओ शेवंतीताई, बसा ना! फुकट नापास व्हाल!"

शेवंतीचे पाय खुर्चीपाशी अडखळले. राजरत्नचं घट्ट मिटलेलं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं. सरांनी कण्हून मान टाकली.

"झाले तर झाले," ती पुटपुटली आणि तिने बक्कल काढलं. सर दारातून कधी गेले ते कुणालाच लिहिता आलं नाही.

पाच मिनिटांनी ते तोंड धुऊन, शांत होऊन परतले. एकेक वही वाचू लागले. ‘मूल हट्टी.’ ‘लक्ष वेधून घेण्याची सवय.’ एकाने तर ‘घरच्यांनी लाडावलेलं’ असंही लिहिलं होतं. शेवंतीची वही कोरी.

"तुम्ही काही लिहिलं का नाही?"

"हात मोकळे नव्हते साहेब."

सरांनी खिशातून पेन काढलं. त्या दिवशी प्रमाणपत्र एकच लिहिलं गेलं. बाकी चौदा जणांना सोमवारी पुन्हा बोलावणं.

जेवायच्या सुट्टीत चौदाही जण शेवंतीच्या डब्याभोवती गोळा झाले.

"ताई, ओळखलंत कसं तुम्ही?" संचिताने पेन सरसावलं. "चेहऱ्यावरून? की पायांच्या हालचालीवरून?"

शेवंतीने घास सावकाश गिळला.

"त्यात ओळखायचंय काय? ते बोलले ना, लघवीला जायचंय."