यंत्राला खोकला कळतो

संशोधनाने ज्ञानात भर पडते, हा एक जुना गैरसमज आहे. भर पडते ती संशोधनाची बातमी झाल्यावर. आमच्या विद्यापीठाच्या संगणक संस्थेने हे वेळीच ओळखले आणि प्रयोगशाळेची हवेशीर खोली वार्ता विभागाला दिली. प्रयोगशाळा तळघरात गेली. (यंत्रांना उजेड लागत नाही. माणसांचे कुणी विचारले नाही.)

वार्ता विभागाचे प्रमुख पूर्वी साबणाच्या जाहिराती लिहीत. कशालाही फेस आणण्याची त्यांची हातोटी वादातीत होती.

तळघरात एक संशोधक बाई खोकल्याच्या आवाजावरून आजार ओळखणारे यंत्र तयार करत होत्या. बऱ्याच खटपटीनंतर त्यांनी प्रांजळपणे कळवले, की तरुणांचा खोकला यंत्राला बऱ्यापैकी कळतो, म्हाताऱ्यांचा मात्र त्याला दाराची करकर वाटते, सबब ते रुग्णांवर वापरू नये.

प्रमुखांनी यातले अर्धे वाक्य वाचले. (विभागाच्या सरासरीच्या दुप्पट.) दुसऱ्या दिवशी बातमी झळकली: 'यंत्राला खोकला कळतो!' सोबत बाईंचा हसरा फोटो. तो कुठल्याशा लग्नातला होता.

"अहो, 'वापरू नये' कुठं गेलं?" बाईंनी विचारले.

"मथळ्यात बसेना," प्रमुख म्हणाले. "आणि नकारात्मक शब्दानं लोक खचतात हो."

मग सत्कार झाला. मग शहरातल्या रुग्णालयाने यंत्र मागवले. बाई धावत संचालकांकडे गेल्या. संचालक शांतपणे म्हणाले, "बाई, आत्ता कुठं संस्थेला वारं लागतंय. तुम्ही खिडक्या कसल्या लावताय?"

काही आठवड्यांनी बाईंच्या मावशीचा फोन आला. बोलताना तिला धाप लागत होती.

"काळजी करू नकोस गं. तुझ्याच यंत्रापुढं खोकून आले. म्हणालं, काही झालेलं नाही. डॉक्टरीणबाई छाती तपासायला आल्या, तर मीच म्हटलं, राहू द्या, आमच्या घरचंच यंत्र आहे."

बाईंनी हातातले काम टाकले आणि मावशीला उचलून त्याच रुग्णालयात नेले. न्यूमोनिया निघाला. मावशीला प्राणवायू लागला. बाई दाराबाहेर बसून तो खोकला ऐकत राहिल्या. मग उठल्या, तपासणीच्या खोलीत गेल्या आणि कुणालाही न विचारता यंत्राची वायर उपटली. "अहो, हे विद्यापीठाचं आहे!" परिचारिका ओरडली. "माझं आहे," बाई म्हणाल्या, आणि तिथेच रडल्या.

मावशी वाचली. जिना चढताना अजून मध्येच बसते.

संस्थेने या घटनेची गंभीर दखल घेऊन 'अपयशाचा गौरव' हा परिसंवाद भरवला. उपस्थिती शंभर टक्के होती. (निमंत्रित: संचालक, प्रमुख आणि छायाचित्रकार.) 'यंत्र रुग्णांवर वापरू नये' हा बाईंचा खुलासाही संकेतस्थळावर शब्दशः दिला. तो तिथे आजही आहे. मूळ बातमी लाखभर लोकांनी पुढे पाठवली. खुलासा नऊ वेळा उघडला गेला, त्यांतल्या आठ वेळा स्वतः बाईंनीच, तो दिसतोय ना हे पाहायला.

वाचकांना दोष देण्याचा हेतू मुळीच नाही. तुम्ही ती बातमी पाठवलीत ती मायेपोटीच, आणि नेमकी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना. खुलासा पाठवायचा तेवढा राहून गेला. त्यानंतर त्यांचा फोन आला नसेल, तर ते बरे असतीलच.