काठ्या खाली ठेवण्याचा ठराव

“दसऱ्याच्या आत ह्या चाळीतली काठी न् काठी खाली ठेवून दाखवतो! नाही दाखवली तर नाव कुशाबा लावणार नाही!”

काशीबाई भाकरी थापत होती. नवऱ्याची ही गर्जना ऐकून तिचा हात काही थांबला नाही.

“नाव बदललंत तर आधी सांगा,” ती म्हणाली. “हाक मारताना घोटाळा नको.”

काशीबाईचंही चुकत नव्हतं. परळच्या केळुसकरांच्या चाळीत गिरणीचा भोंगा एक वेळ चुकेल, पण नळावरची मारामारी चुकायची नाही! वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे, खालच्यावर मालवणकडचे, आणि नळ एकच. घागरीला घागर लागली की काठीला काठी लागे. कुशाबाची खोली जिन्याच्या मधल्या वळणावर होती, त्यामुळे वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या, दोन्ही काठ्यांचा प्रसाद त्याला मिळे.

इतके दिवस तो सोसत आला होता. पण आता लेकीचा प्रश्न होता. लालबागचे अप्पा आपल्या मुलासाठी शेवंतीला पाहायला आले, तेव्हा नेमकी नळावर जुंपली होती. अप्पा दोन पायऱ्या चढूनच मागे फिरले. जाताना एवढंच म्हणाले, “पोरगी चांगली असेल. दसऱ्याला परत येतो. पण तुमच्या चाळीत एक जरी काठी उगारलेली दिसली, तर सुपारी फुटायची नाही!”

शेवंती त्या रात्री जेवली नाही. मुलाला तिने एकदाच, भायखळ्याच्या बाजारात लांबून पाहिलं होतं. पण तेवढं पुरेसं झालं होतं.

उपाय कुशाबाला गिरगावात सापडला. रविवारी तो तिकडे गेला असता वाचनालयाच्या ओट्यावर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. विलायतेच्या पार्लमेंटात म्हणे मोठा वाद पेटला होता. तोफा आणि लढाऊ जहाजं कमी करावीत की वाढवावीत? एक उभा राहून बोले, तो बसला की दुसरा उठे. कुशाबा तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला. अहो, माणसं तोफांवरून भांडतात आणि तोफ न आणता भांडतात! त्याच्या अंगावर काटा आला. परळपर्यंत तो चालत आला, तो देवदर्शन करून आल्यासारखा.

“आपणही पार्लमेंट भरवायचं!” त्याने चाळीला सांगितलं.

आणि भरलं की हो! नवरात्रातल्या रविवारी अंगणात दोन्ही मजले समोरासमोर बसले. प्रत्येकाच्या मांडीवर काठी. सभापती कुशाबा, मासळीवाल्या मंजुळेच्या पालथ्या पाटीवर. सभापतींच्या आसनाला बोंबलांचा वास होता, पण त्यांचा रुबाब काही कमी झाला नाही.

“बोलायचं एकेकानं,” कुशाबा म्हणाला. “दुसऱ्यानं ऐकायचं.”

“ऐकायचं?” वरच्या मजल्याचा गणपत चमकला. “ह्यांचं?”

“विलायतेत ऐकतात!”

विलायतेचं नाव निघताच सगळे दबकून बसले. मग गणपत उठला. “आमची ना नाही. पण आधी खालच्या मजल्यानं काठ्या ठेवाव्या.”

“वा रे वा!” खालचा धर्मा उसळला. “आमी ठेवल्यो आणि तुमी नाय ठेवल्यात तर? आमची डोकी काय नारळ आसत?”

“मग दोघांनी एकदम ठेवा!” कुशाबा म्हणाला.

“एकदम म्हणजे कधी? तीन म्हटल्यावर की तीनच्या आधी?”

ह्यावर दिवेलागणीपर्यंत चर्चा झाली. मंजुळेने मध्येच उठून दरडावलं, “माझ्या कोयत्याला हात लावाल तर बघा! मासळी काय तुमच्या ठरावानं कापू?” कोयता आणि विळी वगळली. पण नवल म्हणजे, एवढा वेळ ह्या चाळीत कुणी कुणाला मारलं नव्हतं! बायका गॅलरीत कठड्याला टेकून डोळे विस्फारून बघत होत्या. आपले नवरे बसून बोलू शकतात, हे त्यांना लग्न झाल्यापासून ठाऊक नव्हतं.

शेवटी कुशाबा म्हणाला, “ठराव मान्य असेल त्यानं हात वर करा.”

वरच्या मजल्याने हात वर केले, काठीसकट. ते पाहून खालच्यांनी काठ्या उगारल्या. सभापती पाटीवरून घसरले!

“रिकामा हात!” कुशाबा ओरडला. “काठीचा हात मोजणार नाही!”

आता आली का पंचाईत! आपले हात मोजले गेले नाहीत आणि समोरच्यांचे गेले तर? अशी नामुष्की कोण पत्करणार? खाडखाड काठ्या खाली पडल्या. आपल्या मजल्याची संख्या वाढावी म्हणून प्रत्येकाने दोन-दोन हात वर केले. ठरावाच्या विरुद्ध बोललेल्या धर्माने तर शेजारच्याचाही हात धरून वर केला. ठराव एकमताने पास!

मग अंगणात अशी शांतता पसरली की नळाचं ठिबकणं ऐकू आलं. सगळे जमिनीवरच्या काठ्यांकडे बघत राहिले. आपण हे केलं? कुणाचाच विश्वास बसेना. कुशाबाचे डोळे भरून आले.

काठ्या ठेवायच्या कुठे? वरच्यांना खालचा मजला चालेना, खालच्यांना वरचा. अखेर ढीग सभापतींच्या खोलीत आला. नवमीच्या संध्याकाळी तो गाडीवर घालून गिरणीच्या गोदामात हलवायचा, असा कुशाबाचा बेत होता.

नवमीला गिरणीत साच्यांची, म्हणजे मागांची, पूजा करून तो घरी परतला आणि दारातच थबकला. खोलीत उदबत्तीचा धूर. काठ्या तेल लावून भिंतीला ओळीने उभ्या केलेल्या. प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीवर झेंडूचं फूल.

“हे काय केलंस?”

“मी नाही, चाळीनं केलं,” काशीबाई म्हणाली. “आज खंडेनवमी. हत्यारं तुमच्या घरात, मग बायकांनी पूजा कुठं करायची?”

“अगं, आता ह्या हलवू कशा?”

“हलवायच्या नाहीतच मुळी! पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सांजेपर्यंत जागचं हलत नाही. पापाचे धनी व्हायचंय?”

कुशाबा मटकन खाली बसला. साऱ्या चाळीत एक काठी राहिली नव्हती, आणि वधूपित्याच्या घरात शस्त्रागार उभं होतं!

दसऱ्याला अप्पा आले. अंगण बघितलं, नळ बघितला, दोन्ही मजले बघितले. “धन्य आहे!” ते पुटपुटले. मग ते कुशाबाच्या उंबऱ्यात पाय टाकून तसेच उभे राहिले. भिंतीकडे बघून त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

“पाया पडा, पुजलीत!” काशीबाई घाईने म्हणाली.

अप्पांनी हात जोडले आणि डोळे मिटले. ते सुपारी फुटेपर्यंत त्यांनी नीट उघडलेच नाहीत. जेवतानासुद्धा भिंतीकडे पाठ केली. केवढी ही भक्ती! कुशाबा भारावून गेला. सुपारी फुटली. शेवंती आतल्या बाजूला लाजून भिंतीशी उभी होती.

सांज झाली. अक्षता टाकून पूजा हलवली आणि सोनं लुटायला निघायचं म्हणून चाळ आपापल्या काठीच्या दर्शनाला लोटली. पण तेल-हळदीने साऱ्या काठ्या एका आईच्या लेकींसारख्या दिसत होत्या!

“ही माझी!” गणपत म्हणाला.

“तुझी खयची? माझी ती!” धर्माने दुसरं टोक धरलं.

“ठराव! ठराव!” म्हणत कुशाबा मध्ये पडला, आणि कुणाचा तरी धक्का लागून जिन्यावरून दोन पायऱ्या खाली गेला. कपाळाला खोक पडली. बस्स! जिन्यात काठ्या नाचू लागल्या. कुशाबाने अप्पांकडे पाहिलं. जमलेलं लग्न मोडलं, असं त्याला वाटलं.

अप्पांनी धोतराचा काचा मारला. “माझ्या व्याह्याला ढकललंत?” आणि त्यांनी धर्माच्या हातची काठी अशी काही हिसकावली की बघतच राहावं! ती डावीकडे फिरली, उजवीकडे फिरली, गणपत खाली, धर्मा त्याच्यावर. दोन्ही मजले पहिल्यांदाच एका दिशेला, जिना उतरून अंगणाबाहेर पळाले, आणि अप्पा त्यांच्या मागे. रिकाम्या अंगणात अप्पा एकटे उभे, आणि काठी अजून हातात भोवऱ्यासारखी फिरतच होती.

कुशाबा थक्क झाला. “अप्पा,” तो चाचरत म्हणाला, “तुम्हाला तर काठीचा तिटकारा ना?”

“तिटकारा?” अप्पांनी काठी मोठ्या कष्टाने खाली ठेवली आणि तिच्यावर पाय देऊन उभे राहिले. “काठी दिसली की हे हात माझे राहत नाहीत, व्याही. ती अट तुमच्या लोकांसाठी नव्हती, माझ्यासाठी होती! माझ्या घरात साधं मुसळ नाही. बायको मसाला शेजारणीकडे जाऊन कांडते.”

तोफा कमी करा म्हणून विलायतेत सगळ्यात मोठ्याने ओरडणारा माणूस कोण असेल, हे कुशाबाला त्या क्षणी कळलं, आणि पार्लमेंटाबद्दलचा त्याचा आदर दुप्पट झाला.

काशीबाईला मात्र वेगळीच काळजी. नवऱ्याच्या कपाळावर हळद दाबत तिने विचारलं, “आणि जावई कुणावर गेलेत?”

“आईवर,” अप्पा खाली मान घालून म्हणाले. “गरीब आहे पोर.”

काशीबाईने सुस्कारा टाकला. तेवढ्यात आतून शेवंतीचा आवाज आला.

“आई, रुखवतात मुसळ देऊ नकोस हं!”