रुंद स्क्रीनवरचा नवरदेव

"कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स मी स्वतः टाकणार, मेकॅनिक लागणार नाही," असं मी २००७ साली पिपरी मेघेच्या आमच्या घरात छातीठोकपणे जाहीर केलं. ती छाती अजून दुखते.

लिनक्स बसलं. पण नव्या रुंद स्क्रीनवर सगळं आडवं ताणलेलं दिसायला लागलं! चित्र दाखवणारी चिप मदरबोर्डातच होती. तिला चालवणारा खरा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, काही लागेना, म्हणून कामचलाऊ ड्रायव्हर चौकोनी चित्र ताणून बसवत होता. मी सेटिंगची फाईल बदलली. स्क्रीन काळी. आता उपाय वाचायचा कशावर? स्कूटर काढून वर्ध्याच्या सायबर कॅफेत गेलो, आज्ञा उतरवून आणल्या, टाईप केल्या. पुन्हा काळी. पुन्हा कॅफे. शेवटी जुनी फाईल जागेवर ठेवली आणि आडवं तर आडवं म्हणून सोडून दिलं.

त्याच दुपारी बायकोची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, प्रमिलाबाई, रोहण्याहून आल्या. माझी मेहुणी मयुरी हिला नाचणगावच्या नीलेशचं स्थळ आलं होतं. मुलाकडून फोटोंची सीडी आली होती, आणि मोठ्या आईंनी मान हलवल्याशिवाय त्या घरात कुणाचं लग्न ठरत नाही. मयुरीने मनातून होकार कधीच दिला होता. ती दाराआड उभी होती.

मी फोटो लावला. प्रमिलाबाई खूश झाल्या.

"पोरगा भरलेला आहे. खात्यापित्या घरचा दिसते. होऊन जाऊ द्या."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. बायकोने, अंजूने, डोळे वटारले. मी तोंड मिटलं.

पण त्या चहा घेत असताना मी सहज कॅफेतली उरलेली आज्ञा टाईप केली, आणि ड्रायव्हर लागला! यश मिळालं की माणसाची अक्कल जाते. मी सगळ्यांना हाक मारून तोच फोटो पुन्हा दाखवला.

प्रमिलाबाईंनी चष्मा पुसला. "हा कोन?"

"नीलेशच."

"मंघा तर चांगला होता. चहा होईपर्यंत एवढा वाळला? बिमारी आहे काय याले?"

मी त्यांना मदरबोर्ड समजावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मले डब्यातलं नोका सांगू. रविवारी पोरालेच बोलवा."

मयुरी माझ्याशी बोलेना. अंजू म्हणाली, "पयल्यासारखं करा अन् गप बसा." मी ड्रायव्हर बिघडवायला बसलो, तर आता तो बिघडेना. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

रविवारी नीलेश आला. फोटो त्याच्या कॉलेजातला होता. त्यानंतर त्याने पुण्यात नोकरी धरली होती आणि मेसचं जेवण अंगी लागून तो चांगला भरला होता. चपला काढून तो आत आला तेव्हा मयुरी दाराआडून हसली, आणि प्रमिलाबाईंनी सुपारी फोडायला सांगितली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "जवाईबापू, मशीन तं बराबर दाखवून राह्यली होती. तुमी काऊन खराब केली?"