अल्टरनेटरला घातलेलं इरलं

मी ट्रकचा अल्टरनेटर अमर करणार होतो! हसू नका. १९९८ साली मुरबाड-टोकावडे रस्ता म्हणजे रस्ता नव्हताच, धुरळ्याची गिरणी होती! बॅटरी चार्ज करणारं हे यंत्र त्या धुरळ्यानं दर उन्हाळ्यात मरायचं. मेकॅनिक सांगायचा, "पट्टा नीट ताण, हवा मारून साफ ठेव." असली किरकोळ कामं मी करू? छट्!

माळ्यावर भिमीचं, म्हणजे बायकोचं, इरलं दिसलं. पावसात शेतात बाया डोक्यावर घेतात ते, बांबू-पानांचं. बाईला वाचवतं, मग यंत्राला का नाय? कापलं, अल्टरनेटरभोवती सुतळीनं गच्च आवळलं!

"अवो, इरल्यात मला भर पावसात घाम फुटतो. त्याला वारा कुठून लागंल?"

"गप गो! हे इंजिनियरिंग आहे!"

दुसऱ्याच दिवशी गावातल्या आदेशचं लग्न, वऱ्हाड माझ्या ट्रकमध्ये. मागं माणसं कोंबलेली, टपावर कर्णा, शेजारी भिमी. मुहूर्त बाराचा! सरळगाव सुटलं आणि कर्णा गाता गाता रडायला लागला. मग हॉर्न मेला. मग जळक्या पानांचा वास!

"कोणी विडी ओढतंय," मी ठणकावलं.

बॅटरी संपली तरी डिझेल इंजिन चालतं, फक्त बंद करायचं नाय. पण टोकावड्याच्या मारुतीला नारळ फोडायला थांबलो, खाली उतरलो, आणि नवरदेवाच्या धाऊमामानं केबिनमधला इंजिन बंद करायचा दांडा खेचला!

"देवाच्या दारात घुरघुर कशाला रे?"

झालं! चावी फिरवली, ट्रक मुका!

"उतरा! धक्का मारा!"

सगळे पुरुष मागं, मुंडावळ्यांसकट आदेशसुद्धा. मागं धुराचा काळाकुट्ट लोट सुटला आणि इंजिन जगलं! आता थांबलो तर पुन्हा मरेल, म्हणून मी जो दामटला तो थेट पुढच्या पाड्यावर, मांडवाच्या दारात! मागच्या बाया बोंबलत होत्या. मला वाटलं, आनंदानं!

बँड वाजला. नवरीची आई ताट घेऊन धावली. डोक्यावर टॉवेलाचा फेटा, अंगात इस्त्रीचा शर्ट, केबिनमधून ऐटीत उतरणारा पुरुष एकच, मी! बाईनं कुंकू लावलं, ओवाळलं, वर पेढाही भरवला!

तेवढ्यात धुरळ्यातून कोळशाच्या वखारीतून आल्यासारखं एक तोंड धापा टाकत आलं.

"थांबा! नवरा मी हाय!"

मुहूर्त गाठला म्हणा. आदेशचं तोंड धुवायला फक्त दोन बादल्या लागल्या.

भिमीनं बॉनेटखालून काठीनं इरल्याचा कोळसा ओढून काढला, माझ्या कपाळाकडं बघितलं आणि म्हणाली,

"कुंकू पुसा आधी. आणि सांगा, आता भाताच्या आवणीला मी डोक्यावर तुमचा अल्टरनेटर घेऊ काय?"